‘उंचांचं युग संपलं’ म्हणणाऱ्यांनो, हिशोब पुन्हा करा

२०१६चा पावसाळा संपता संपता आमच्या हॉस्टेलात दोन गोष्टी जवळपास एकत्रच आल्या: फुकटचं जिओ आणि स्टीफन करी. एरवी आठच्या लेक्चरलाही न उठणारी पोरं सकाळी साडेसहाला एका फोनभोवती डोकी खुपसून एनबीए बघायची. करी कुठून तरी लांबून बॉल सोडायचा, जाळी नुसती हलायची आणि आमच्यातला कुणी ना कुणी तज्ज्ञ म्हणायचा, “संपले रे उंच लोक. आता शूटरचा जमाना.”

तो तज्ज्ञ बहुतेक वेळा मीच असायचो.

हे वाक्य मी पुढे चार-पाच वर्षं जमेल तिथे ऐकवलं. कँटीनमध्ये, ऑफिसच्या कॅबमध्ये, एकदा तर स्वतःच्या साखरपुड्यात मेहुण्याला. आता तेच वाक्य उलटं होऊन फोनवर येतं. साधारण ७ फूट ४ इंचांचा व्हिक्टर वेम्बान्यामा आल्यापासून प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये ‘बिग मॅन इज बॅक’ची दवंडी पिटली जातेय. आधी मयत झाल्याची बातमी दिली तेच लोक आता बारशाचे पेढे वाटतायत.

मला या दोन्ही दवंड्यांशी भांडायचंय. बास्केटबॉलमध्ये उंचीचं मोल कधीच कमी झालं नव्हतं. पडला तो भाव. भाव का पडला, याचं उत्तर उंच माणसांच्या गुडघ्यांत किंवा वेगात जेवढं आहे, त्यापेक्षा जास्त नियमपुस्तकात आणि आपल्या मोजण्याच्या सवयीत आहे. आणि त्या चुकीच्या मोजणीत काही माणसं भरडली गेली. त्यातल्या एकाला मी स्वतः भरडलंय, म्हणून हा लेख.

भाव ठरवतं कोण?

१८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या. तो सज्जा जमिनीपासून १० फुटांवर होता. आज बास्केट तेवढ्याच उंचीवर आहे. बाकी जवळजवळ सगळं बदललं, आणि त्यातलं बरंचसं उंच माणसांना आवरण्यासाठी बदललं.

जॉर्ज मायकन ६ फूट १० इंचांचा होता. कॉलेजात असताना तो आणि बॉब कर्लंड बास्केटमध्ये पडायला आलेला बॉल वरच्यावर झटकायचे. १९४४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने यावर बंदी घातली. मायकन व्यावसायिक लीगमध्ये आला आणि बास्केटखाली उभा राहून गुणांची रास घालू लागला. तेव्हा १९५१ मध्ये एनबीएने बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला, कारण त्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एकाच सामन्यात १०० गुण केले. १९६४ मध्ये पट्टा १६ फूट झाला. लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजात खेळत असताना १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने डंक मारण्यावरच बंदी आणली. ती १९७६ पर्यंत टिकली.

सगळ्यात मजेशीर गोष्ट पुढे आहे. १९६७ मध्ये एबीए नावाची प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि तिने लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण द्यायला सुरुवात केली. तिचा पहिला आयुक्त होता जॉर्ज मायकन. ज्याच्यासाठी पट्टा रुंद करावा लागला, त्याच उंच माणसाच्या कारकिर्दीत ती रेघ रुळली, आणि तिनेच पुढे उंचांचा भाव पाडला. एनबीएने ती १९७९ मध्ये घेतली.

२००१ मध्ये एनबीएने झोन डिफेन्सला परवानगी दिली. तोपर्यंत उंच सेंटर बास्केटजवळ पाठ करून उभा राहिला की त्याच्याशी बहुतेक एकट्याने झुंजावं लागे. आता त्याच्याभोवती गर्दी करणं सोपं झालं. त्याच वेळी बचाव करणारा सेंटर कुणालाही न धरता पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकणार नाही, असाही नियम आला. म्हणजे उंच माणसाची हल्ल्यातली जागा आवळली आणि बचावातली घरातून बाहेर काढली. २००४ मध्ये बाहेरच्या खेळाडूंना हाताने अडवण्यावर कडक अंमल सुरू झाला आणि छोट्या, चपळ गार्डना रान मोकळं मिळालं.

आता सांगा, यात ‘काळाचा नैसर्गिक प्रवाह’ कुठे आहे? कुणीतरी खोलीत बसून नियम लिहिले आणि उंचीचा बाजारभाव हलला. नियम बदलणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. १९५० मध्ये फोर्ट वेनने मायकनला बॉलच मिळू नये म्हणून बॉल धरून वेळ काढला आणि सामना १९-१८ असा संपला. असला खेळ कोण बघेल? पण भाव नियमांनी पडला असेल तर दोष उंच माणसाच्या माथी मारू नका.

तीन, दोनपेक्षा मोठे

आता माझ्या जातीच्या लोकांचा, म्हणजे आकडेवाल्यांचा, हिशोब. तो साधा आहे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३५ टक्के शॉट बसले तर दर शॉटमागे १.०५ गुण मिळतात. तेवढेच गुण रेषेच्या आतून मिळवायचे तर साडेबावन्न टक्के शॉट बसायला हवेत. अगदी बास्केटखालून हे जमतं. दहा-पंधरा फुटांवरून बहुतेकांना जमत नाही. म्हणून एक तर बाहेरून मारा, नाहीतर थेट बास्केटखाली घुसा. १९७९-८० च्या मोसमात एक संघ सामन्याला सरासरी तीनेक वेळा बाहेरून मारायचा. आज ३५हून जास्त वेळा मारतो.

या गणिताशी माझं भांडण नाही. भांडण आहे त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी: की उंच माणूस आता नको.

या निष्कर्षाचा पुरावा म्हणून नेहमी २०१५ची फायनल दाखवतात. गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडविरुद्ध १-२ ने मागे होते. चौथ्या सामन्यात त्यांनी ७ फुटी सेंटर अँड्रू बोगटला बसवलं, आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवलं आणि ६ फूट ६ इंचांच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटर केलं. पुढचे तिन्ही सामने जिंकून ते विजेते झाले. झालं, ‘स्मॉल बॉल’चा जयजयकार.

पण पुढची पानंही वाचा. त्याच मोसमात वॉरियर्सने ६७ सामने जिंकले तेव्हा नेहमीचा सेंटर बोगटच होता आणि बचावात तो संघ लीगमध्ये पहिला होता. पुढच्या वर्षी त्यांनी ७३ सामने जिंकले. फायनलमध्ये ३-१ ने पुढे असताना पाचव्या सामन्यात ग्रीनवर बंदी होती आणि त्याच सामन्यात बोगटचा गुडघा गेला. ते उरलेले सगळे सामने हरले. एकट्या बोगटमुळे हरले असं म्हणणं बालिश ठरेल. पण २०१५चं श्रेय ‘छोट्यांना’ द्यायचं आणि २०१६ची गोष्ट सांगताना बोगटचं नावही घ्यायचं नाही, याला विश्लेषण म्हणत नाहीत.

आणि ‘छोटा’ म्हणजे तरी किती? करी ६ फूट २ इंच आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो शिरला तर सगळे मान वर करून बघतील. ग्रीनच्या पसरलेल्या हातांचं माप ७ फूट १ इंचाच्या आसपास आहे. एनबीएमधली सरासरी उंची कित्येक दशकं साडेसहा फुटांच्या आसपासच रेंगाळतेय. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हे आपल्याला इतकं आवडतं, गावसकर आणि तेंडुलकर यांनी ते आपल्या रक्तात इतकं भिनवलंय, की जिथे मूर्ती लहान नाही तिथेही आपण ती लहान करून बघतो.

या वाक्प्रचाराची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. लहान माणसाचं यश म्हणजे मेहनत. मोठ्या माणसाचं यश म्हणजे फुकटचं, देवाने दिलेलं. वर त्याची अक्कल गुडघ्यात, हे गृहीतच. करीची नजर आणि मनगट हीसुद्धा देणगीच आहे, पण तिला आपण कौशल्य म्हणतो.

आमचा टॉवर

आमच्या कॉलेजच्या संघात एक ६ फूट ४ इंचांचा मुलगा होता. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेला, आधी व्हॉलीबॉल खेळलेला. त्याला सगळे टॉवर म्हणायचे. शूटिंग यथातथा, ड्रिबलिंग त्याहून वाईट. करी बघून बिघडलेल्या आम्हा पोरांना तो अडचणच वाटायचा. “ए टॉवर, बाहेर ये, आत गर्दी करू नकोस,” हे दर सरावाला व्हायचं. बाहेर आला की त्याच्याकडून काही व्हायचं नाही, मग सगळे हसायचे.

मी संघात बाराव्या नंबरचा खेळाडू होतो, पण लॅपटॉप माझ्याकडे होता. मी एक एक्सेल शीट केली: प्रत्येकाचे शॉट, बसलेले शॉट, दर शॉटमागे गुण. टॉवर तळाला होता. मी ती शीट कॅप्टनला दाखवली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सेमीफायनलला टॉवरला बसवलं आणि आम्ही पाच शूटर घेऊन उतरलो.

समोरचे एकामागून एक आत घुसत होते आणि आरामात लेअप मारत होते. एरवी ते आत यायचेच नाहीत, मधेच थांबून अवघड शॉट घ्यायचे. का थांबायचे, हे त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. आम्ही शूटिंग खराब झालं म्हणून हरलो, असं ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी टॉवर ट्रायल्सला आलाच नाही.

मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. गप्पांत मी शीटची गोष्ट काढली, थोडं हसत, थोडं ओशाळून. तो म्हणाला, “तुझ्या शीटमध्ये समोरच्यांचा कॉलम होता का रे?”

नव्हता.

न मारलेले शॉट

उंच माणसाचं सगळ्यात मोठं काम स्कोअरकार्डात दिसत नाही, कारण ते घडतच नाही. गार्ड आत येतो, वर बघतो, हात दिसतात, बॉल परत बाहेर देतो. या प्रसंगाची नोंद कुठे करणार? एनबीएने ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली तीच १९७३-७४ मध्ये. म्हणजे बिल रसेल आणि चेंबरलेन यांनी अख्ख्या कारकिर्दीत अडवलेल्या शॉटचा अधिकृत आकडाच नाही. आणि ब्लॉक म्हणजे तरी हिमनगाचं टोक. भीतीने न मारलेला शॉट त्यातही येत नाही. २०१३-१४ पासून लीगच्या सगळ्या मैदानांच्या छतांवर खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आले, तेव्हा कुठे बास्केटजवळ अमुक एक जण उभा असताना समोरच्यांचे किती शॉट बसतात, हे नीट दिसू लागलं.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला आणि कुणी तो उभा केला की सकाळी ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. ज्याने तो पडूच दिला नाही, त्याच्याकडे अप्रेझलला दाखवायला काही नसतं. आपण जे मोजू शकतो त्यालाच मोल म्हणतो आणि वर त्याला ‘डेटा-ड्रिव्हन’ असं नाव देतो.

रॉय हिबर्टचं उदाहरण घ्या. ७ फूट २ इंच, इंडियानाचा सेंटर. सरळ वर उडी मारून हात उभे ठेवून बचाव करण्याची कला त्याने इतकी घोटली की २०१४ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात दुसरा आला, दुसऱ्यांदा ऑल-स्टारही झाला. २०१७ नंतर तो एनबीएमध्ये खेळलाच नाही. वय होतं तीस. त्याचा फॉर्म गेला होता, हे खरं. पण लीगने त्याच काळात त्याला सांगितलं होतं की तू करतोस ते कामच आता नको.

आपला सतनाम सिंगही इथेच येतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, ७ फूट २ इंचांचा मुलगा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला आणि एनबीए संघाने निवडलेला तो पहिला खेळाडू. वॉरियर्स विजेते झाले त्याला तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. तो एनबीएचा एकही नियमित सामना खेळला नाही आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. फक्त काळ आड आला असं म्हणणं खोटं ठरेल; तो संथ होता, कच्चा होता. पण कच्च्या उंच मुलाला शिकवत बसण्याचा धीर संपत आलेल्या दिवसांत तो तिथे पोचला, हेही तितकंच खरं.

आता म्हणे ते परत आले

गेले कधी होते? २०२० मध्ये ह्यूस्टनने ६ फूट १० इंचांच्या क्लिंट कपेलाला विकून ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला सेंटर केलं. स्मॉल बॉलचं हे शेवटचं टोक. लेकर्सने त्यांना ४-१ असं गुंडाळलं. लेकर्सनेही त्या मालिकेत जुन्या धाटणीचे सेंटर बाजूला ठेवले होते, पण त्यांच्याकडे अँथनी डेव्हिस होता. शाळेत असताना तो गार्ड होता, मग अचानक सात-आठ इंच वाढला. म्हणजे गार्डचे हात आणि सेंटरची उंची.

ब्रुक लोपेझ ७ फूट १ इंचांचा. पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याने बाहेरून तीन शॉट बसवले होते. नवव्या मोसमात १३४ बसवले. तरी २०१८ मध्ये मिलवॉकीला तो वर्षाला सुमारे ३४ लाख डॉलरमध्ये, म्हणजे एनबीएच्या हिशेबात चिल्लर देऊन, मिळाला. वर्षभरात त्याच संघाने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर दिले आणि २०२१ मध्ये ते विजेते झाले. एका वर्षात त्याची उंची वाढली नव्हती.

निकोला योकिच २०१४ मध्ये ४१वा निवडला गेला. २००० मध्ये शकील ओनीलने जिंकल्यानंतर एकाही सेंटरला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला नव्हता. २०२१ मध्ये योकिचने तो मिळवला, पुढच्या वर्षीही, २०२३ मध्ये जोएल एम्बीड, २०२४ मध्ये पुन्हा योकिच. २०२२ मध्ये मिनेसोटाने रूडी गोबेरसाठी पहिल्या फेरीतले चार ड्राफ्ट हक्क आणि वर पाच खेळाडू दिले, तेव्हा जग हसलं. दोन वर्षांत तो चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटू झाला आणि मिनेसोटा वीस वर्षांनी कॉन्फरन्स फायनलला पोचलं. २०२५ ची विजेती ओक्लाहोमा सिटी दोन सातफुटी खेळाडू सोबत बाळगून होती.

तुम्ही म्हणाल, त्याच कॉन्फरन्स फायनलमध्ये लुका डॉन्चिचने गोबेरला एकटं गाठून, त्याच्या डोक्यावरून विजयी शॉट मारला त्याचं काय? बरोबर आहे. रेषेबाहेर ओढून काढलेला उंच माणूस बळी पडू शकतो. पण त्या एका शॉटची क्लिप लाखोंनी पाहिली, आणि त्या मोसमात गोबेर उभा होता म्हणून न मारलेल्या शेकडो शॉटची क्लिप कुणी बनवणार नाही. माझं भांडण नेमकं त्या फरकाशी आहे.

उलट्या दवंडीचाही मला राग येतो तो यासाठी. वेम्बान्यामा पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक करतो, दुसऱ्या मोसमात सामन्याला आठेक वेळा तीन गुणांचा प्रयत्न करतो, वर गार्डसारखं ड्रिबल करतो. लोक म्हणतात, उंचांचे दिवस आले. दिवस आले ते ज्या उंचांना सगळंच येतं त्यांचे. आणि त्याची वसुली शरीरातून होते. त्याचा दुसरा मोसम खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीने अर्ध्यावर थांबला. याओ मिंग तिसाव्या वर्षी पायाच्या दुखापतींमुळे निवृत्त झाला. २००७ मध्ये केव्हिन ड्युरंटच्याही आधी निवडलेला ग्रेग ओडेन गुडघ्यांमुळे जेमतेम १०५ सामने खेळला. ‘फुकटची उंची’ म्हणणाऱ्यांनी ही बिलं एकदा बघावीत.

म्हणून शाळा-कॉलेजांत संघ घडवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. उंच मुलगा दिसला की त्याला बास्केटखाली खांबासारखं रोवू नका आणि रील बघून त्याला बाहेरही हाकलू नका. त्याच्या हातात बॉल द्या, ड्रिबल शिकवा, पास शिकवा, चुकू द्या. आपल्याकडे सहसा कुणी हे करत नाही, मग म्हणतात उंच पोरं मठ्ठ असतात. आणि माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना: शीट जरूर बनवा, पण आधी समोरच्यांचा कॉलम घाला.

त्या लग्नाच्या रात्री घरी आल्यावर मी जुना ड्राइव्ह उघडून ती फाइल शोधली. मिळाली. चौदा खेळाडू, नऊ सामने, रंगीबेरंगी रकाने. समोरच्यांचा कॉलम आता घालता येणार नाही, कारण तेव्हा कुणी ते लिहूनच ठेवलं नव्हतं. टॉवर मात्र अजून तळालाच आहे, लाल रंगात.